माळवद गळत का नाही?

जिंतूरहून चारठाण्याला किंवा सेलूहून वालूरला जा, परभणी जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणांत काळ्या दगडाची, सपाट माथ्याची घरं अजून उभी दिसतात. माथ्यावर कुठे गवत उगवलेलं, कुठे मिरच्यांचं वाळवण. हे माळवद. वर ना कौल, ना पत्रा, ना स्लॅब, नुसती माती. वर्षाकाठी साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात या मातीखाली माणसांच्या पिढ्या सुखानं झोपल्या. अंगणातल्या मातीचा पहिल्याच सरीत चिखल होतो. मग डोक्यावरची माती गळत कशी नाही?

सोपं उत्तर असं, की डोक्यावरची माती अंगणातली नसते. पूर्ण उत्तरासाठी मात्र घर वरपासून पायापर्यंत उलगडून पाहावं लागतं. शिवाय त्यात एक अडचणीची गोष्टही हाती लागते: हे घर ज्या गुणामुळे सुखाचं होतं, त्याच गुणामुळे ते जिवावरही उठू शकतं.

काळी रानात, पांढरी घरावर

परभणीची शिवारं काळ्या मातीची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा इथे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला आणि तो झिजून ही माती तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळालं की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात कापसाच्या रानातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ही माती माथ्यावर घातली तर मे महिन्यात तीही अशीच फाटेल आणि मृगाची पहिली सर थेट चुलीवर उतरेल.

म्हणून माळवदावर पांढरी माती. ती गावठाणाची, पडक्या गढीची किंवा नदीकाठच्या जुन्या टेकाडाची असते. रंगानं राखाडी, पोत बारीक, चुन्याचा अंश असलेली आणि फुगण्या-आकसण्याच्या बाबतीत शांत. पावसाचे पहिले थेंब पडले की तिचा वरचा इंचभर थर भिजतो, बारीक कण सरकून छिद्रांत बसतात आणि वाट बंद होते. त्यानंतरचं पाणी खाली न मुरता उतारानं पन्हाळीकडे वाहतं. झड लागली तर थोडं पाणी मुरतं खरं, पण थर जाड असल्यामुळे ते फळीपर्यंत पोचत नाही. उघडीप मिळाली की ऊन ते परत ओढून घेतं. म्हणजे माळवद पाणी अडवतं कमी. ते काही वाहून जाऊ देतं आणि काही स्वतःत धरून नंतर सोडून देतं. सलग आठवडाभर उघडीप मिळाली नाही, की ते हरतं आणि घरात भांडी मांडावी लागतात.

काही गावांत यासाठी खारवट, चोपण जमिनीची माती आणतात. चोपण रान म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, कारण त्यात पाणी मुरतच नाही, वर साचून राहतं. तीच माती छतावर गेली की तो दोष उपयोगी पडतो.

इथे एक आडवळणाची गोष्ट सांगायला हवी. पांढरी माती होते ती माणसांच्या वस्तीमुळे. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती आणि खापरं एकमेकांत मिसळून ती बनते. म्हणून पुरातत्त्वाचे अभ्यासक गावाजवळचं पांढरं टेकाड दिसलं की थांबतात, आणि गावकरी त्याच टेकाडावर खोरं घेऊन जातात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी अशाच पांढरीतून निघालेल्या सातवाहनकाळातल्या वस्तूंचा संग्रहच उभा राहिला. तो जमवणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं तिथलं संग्रहालय प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातल्या किती छपरांत प्राचीन मणी आणि खापरं चोपून बसवली गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पडक्या वाड्यात उभं राहून पाहा

माळवद कसं रचतात हे धड घरात कळत नाही. अर्धवट कोसळलेल्या वाड्यात कळतं. तिथे छताचा छेद आयता समोर असतो. सगळ्यात खाली सागवानी तुळई. तिच्यावर हातभर अंतरानं आडव्या कड्या. कड्यांवर फळ्या, ऐपत कमी असेल तर फळ्यांऐवजी किलच, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, एकमेकींना खेटून बसवलेल्या. त्यावर पालापाचोळ्याचा आणि काटक्यांचा थर. माती फटींतून गळू नये आणि ओल सरळ लाकडाला लागू नये, हे त्याचं काम. मग चिखलाचा गिलावा आणि त्यावर पांढऱ्या मातीचे थर, एकेक पसरून चोपलेले. नीट पाहिलं तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे ते वेगवेगळे ओळखू येतात. कारण रीत अशी, की दर उन्हाळ्यात पावसाआधी माळवदावर नवी माती टाकायची आणि चोपायची.

आता थोडं गणित करू. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर जाडीची माती म्हणजे जवळपास साडेचार टन वजन. दर वर्षी इंचभर नवी माती टाकली तर त्या खोलीवर सुमारे साडेतीनशे किलोंची भर पडते. पाऊस थोडी धुऊन नेतो, पण सगळी नाही. नवी टाकण्याआधी जुनी खरवडून काढण्याचं कष्टाचं काम टाळलं गेलं, की आज्याच्या वेळचं फूटभर माळवद नातवाच्या हाती येईपर्यंत दोन-अडीच फुटांचं झालेलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

भिंत कशासाठी, खांब कशासाठी

अडीच-तीन फूट जाडीची भिंत पाहिली की वाटतं, छप्पर तिनंच पेललंय. चांगल्या बांधलेल्या घरात तसं नसतं. भार पेलतात लाकडी खांब. खांबाच्या बुडाशी घडीव दगडाचा तळखडा असतो. तो लाकडाला जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवतो. खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त आणि हस्तावर तुळई. हस्तामुळे तुळईचं मोकळं अंतर दोन्ही बाजूंनी कमी होतं, म्हणून ती कमी वाकते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घराचा आकार याच मापात सांगायचा: तीन खणांचं, पाच खणांचं. खण किती रुंद, हे मात्र घरमालकाच्या इच्छेवर नाही, तर मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरे. जुन्या घरांच्या खोल्या लांबट आणि अरुंद का, याचं उत्तर इथे आहे.

मग भिंतीचं काम काय? आडोसा, सुरक्षितता आणि हवामान सांभाळणं. ती रचण्याची पद्धत अशी. बाहेरून घडीव किंवा अर्धघडीव दगडांची एक रांग, आतून दुसरी, आणि मधल्या पोकळीत गोटे, कपच्या आणि चिखल. खाली जोत्याला उत्तम घडाईचे मोठे चिरे, कारण काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही आणि जमिनीची ओल वर चढू देत नाही. वर जाता जाता दगड लहान होत जातो आणि पुष्कळ घरांत अर्ध्या उंचीनंतर विटा किंवा पांढऱ्या मातीची भिंत सुरू होते. घडीव दगडाची मजुरी मोठी. पाथरवटानं रेघेवर छन्नीनं ओळीनं भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि एकेक चिरा सुटा करून गुण्याला लावून तासायचा. म्हणून चिरे जिथे ओल लागते आणि जिथे पाहुण्याची नजर पडते तिथे, म्हणजे जोत्याला, कोपऱ्यांना आणि दरवाजाला.

चारठाण्यातली यादवकाळातली देवळं पाहिली की फरक कळतो. तिथे दगड दगडावर इतका नेमका बसवला आहे, की मध्ये चुनाही नाही आणि चिखलही नाही. वजन आणि घडाई यांवरच सगळं उभं. देवळाला राजाचा खजिना होता. घरधन्यानं ती घडाई पहिल्या हातभर उंचीपुरती परवडवली आणि पुढचं काम चिखलावर सोपवलं.

पाया तेवढा सगळ्यांनी जपला. काळ्या मातीवर घर उभं केलं तर ते दर पावसाळ्यात उचललं जातं आणि दर उन्हाळ्यात खचतं. परभणी शहरातल्या नव्या बंगल्यांच्या भिंतींना पडणाऱ्या तिरप्या भेगा याच जातीच्या. जुनी गावं मुरमाच्या किंवा पांढरीच्या उंचवट्यावर वसली आणि पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेला गेला.

दुपारी दोन वाजता

मे महिन्यात परभणीचा पारा 42-44 अंशांवर असतो. पत्र्याच्या खोलीत तेव्हा बसवत नाही आणि शेजारच्या माळवदात म्हातारी निवांत झोपलेली असते. याला कोणी ‘नैसर्गिक एसी’ म्हणतं. ते बरोबर नाही. भिंत थंडी तयार करत नाही. ती दिवस आणि रात्र यांची सरासरी काढते.

पत्रा तापला की काही मिनिटांत आतून तापतो. दगडातून उष्णता सरकायला दर चार इंचांना साधारण अडीच-तीन तास लागतात. म्हणजे दोन फुटांच्या भिंतीवर दुपारी दोनला पडलेलं ऊन आतल्या अंगाला पोचायला दुसरी पहाट उजाडते. आणि तोवर रात्र झालेली असते; भिंतीची बाहेरची बाजू गार पडून बरीचशी उष्णता आल्या वाटेनं परत जाते. आत पोचते ती फक्त धग, तीही विरलेली. वरच्या फूटभर मातीचंही असंच. बाहेर दुपारी 42 आणि पहाटे 27 असेल तर आतलं तापमान 34-35च्या आसपास घुटमळत राहतं. आकड्यात हे काही ‘गार’ नाही, पण 42 मधून आत आलेल्या अंगाला ते गारच लागतं. डिसेंबरात पारा एकअंकी आकड्यावर आला की हीच सरासरी ऊब देते.

याचा दुसरा अर्थ असा, की उन्हाळ्यात रात्री बाहेर आतल्यापेक्षा गार असतं. म्हणून तर लोक अंथरूण घेऊन माळवदावर जात. चौकही याच कामाचा: रात्री उघड्या आकाशाखाली त्याची फरशी निवते, जड गार हवा तिथे साठते आणि सकाळी ओसरीत सरकते. छताला ठेवलेलं सवणं, म्हणजे उजेडासाठीचं भोक, चुलीचा धूर आणि वर चढलेली गरम हवा बाहेर काढतं. पावसाळ्यात त्यावर झाकण घालायचं. त्या धुरानं किलचांवर काजळीचा थर बसतो आणि किडीला तो आवडत नाही. स्वयंपाकघरावरचं लाकूड पुष्कळदा सगळ्यात शेवटी कुजतं, ते यामुळे.

दार लहान, अडसर मोठा

या घरांना रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नसतात. उन्हासाठी ते सोयीचंच, पण कारण वेगळंही आहे. हा मुलूख शतकानुशतकं सरहद्दीवरचा. एकट्या पाथरीसाठी 16व्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकींशी लढल्या. पुढे हैदराबादच्या निजामाच्या अमलात वसुली देशमुख, देशपांडे आणि इजारदारांच्या हाती होती. 1865 मध्ये निजामाचा दिवाण सालारजंग यानं जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी प्रशासकीय घडी, बसवेपर्यंत सरकार म्हणजे गावातला मोठा वाडाच. वसुलीचं धान्य आणि रोकड घरात. म्हणून घरालाच बुरूज, भिंतीत बंदुकीसाठी जंग्या, मोठ्या दरवाजात वाकून जायची दिंडी आणि दाराआड भिंतीत सरकणारा लाकडी अडसर. दारातून आत आलेला माणूस आधी ढाळजेत थांबे. तिथून आतलं काही दिसत नसे. अशी तटबंदी असलेलं घर म्हणजे गढी.

धान्य बळदात, म्हणजे घरातल्या बंद कोठारात, किंवा पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं, आतून लिंपलेलं, तोंड बंद केलेलं कोठार. ज्वारी आणि आतले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. धान्य औषधाशिवाय टिकतं. पण उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूसही तसाच गुदमरतो, म्हणून पेव उघडून बराच वेळ हवेवर ठेवायचं आणि मगच उतरायचं.

1900च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे परभणीवरून गेली. कापसाच्या पेठा वाढल्या आणि सेलू-मानवतसारख्या ठिकाणी वाड्यांना माड्या आल्या. मग 1948 मध्ये निजामाची राजवट संपली, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि 1950 मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर वीस खणांचा वाडा दर वर्षी लिंपला जात होता, ती वाटली गेली. ते योग्यच झालं. वाडा मात्र तेव्हापासून कोणाला परवडेनासा झाला. त्याच्या पडण्याची सुरुवात तिथली आहे.

30 सप्टेंबर 1993

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. तीव्रता 6.2. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ ते दहा हजार माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक विसर्जन करून घरात झोपले होते. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं 6.2 हा आकडा फार नाही. माणसं मारली ती याच घरांनी.

कशी, ते आता कळायला सोपं आहे. दोन रांगांची भिंत म्हणजे कडा न मिटवलेली करंजी. आतल्या सारणाला दोन्ही पाऱ्यांशी काही देणंघेणं नाही. जमीन हलली की मधले गोटे खाली बसतात, भिंतीचं पोट फुगतं, दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात आणि भिंत आत-बाहेर ढासळते. चिखल फक्त दाबाखाली काम करतो, ताण त्याला सोसत नाही. त्यातच माथ्यावर दोन फूट माती. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. छप्पर दुप्पट जड, तर हिसकाही दुप्पट. अनेक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती पडल्या. जिथे पैसे वाचवायला खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीपाठोपाठ सगळंच खाली आलं.

त्यानंतर मराठवाड्यानं दगडाचा धसका घेतला, आणि तो समजण्यासारखा होता. 2024 मध्ये, मार्च आणि जुलैत, हिंगोली जिल्ह्यातल्या 4.5 तीव्रतेच्या धक्क्यांनी परभणीही हलली. प्रश्न जुना झालेला नाही. पण दोष दगडाचा नव्हता. भिंतीची पूर्ण जाडी ओलांडून दोन्ही रांगांना जोडणारा लांब दगड, जोडदगड म्हणा, दर तीन-चार फुटांवर असता, तर तीच भिंत एकजीव राहिली असती. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात उभ्या घरांना हेच उपाय सांगितले गेले: भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, चारही भिंतींना सलग पट्टा द्यायचा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपा आधार ठोकायचा आणि छतावरची माती आठ इंचांपर्यंत कमी करायची.

> चौकट: आपल्या घराची भिंत तपासा
> भिंतीला बाजूनं नजर लावा किंवा वरून ओळंबा सोडा. मधोमध पोट आलं असेल तर आतली भर खाली बसली आहे; हे सगळ्यात धोक्याचं. कोपऱ्यात उभी भेग असेल तर दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या आहेत. कड्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथे सुरीचं टोक खुपसून पाहा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. माळवदाच्या कडेला पहार घालून मातीची जाडी मोजा. आणि कुठे तुळई थेट भिंतीवर टेकलेली दिसली, तर तिथे खांब द्यायला अभियंत्याला बोलवा.

सिमेंटचा लेप

आता होतं असं, की जुन्या भिंतीतून माती झडायला लागली की घरधनी वरून सिमेंटचा गिलावा मारतो. दिसायला घर पक्कं होतं. पण चिखलाची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही, त्यामुळे पाणी आत अडकतं, चिखल मऊ होतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तोवर आतून भिंत पोकळ झालेली असते. पावसाळ्यात गावोगाव कोसळणाऱ्या जुन्या भिंतींमध्ये अशा लेपलेल्या भिंती पाहायला मिळतात.

त्यापेक्षा चुना बरा. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसून विरतो आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला तोच वायू हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडीचा दगड होतो. पूर्वी तो बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर मळत आणि त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो आणि बारीक भेग पडली तर काही प्रमाणात स्वतःच बुजवतो. त्याला वेळ लागतो, आणि हात बसलेला गवंडी आता शोधावा लागतो. एवढाच त्याचा तोटा.

माळवद राखायचं तर खर्च लाखांचा नाही, पण काम चुकवून चालत नाही. यंदा वैशाखात नवी माती टाकायचं ठरवलं असेल, तर आधी चार माणसं लावून जुनी उतरवा, आठ इंच ठेवा आणि पन्हाळी मोकळ्या करा. मग हवी तर मूठभर नवी माती टाका.